पटावरचं नाव

माझं नाव पहिल्यांदा पटावर चढलं ते आश्रमशाळेत. मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरून वडील मला खांद्यावर बसवून घेऊन आले होते. गुरुजींनी जाडजूड रजिस्टर उघडलं. जन्मतारीख विचारल्यावर वडील म्हणाले, "नागलीची लावणी चालली होती." गुरुजींनी त्यावरून एक तारीख ठरवली आणि माझं नाव लिहिलं. पटावर नाव आलं म्हणजे दोन वेळचं जेवण, एक सतरंजी आणि पाटी मिळते, एवढंच मला त्या वयात समजलं. जो माणूस आपलं नाव लिहून घेतो, तो आपल्यासाठी काहीतरी पत्करतो, हे कळायला पुढची पंचवीस-तीस वर्षं जावी लागली. ते ज्यांच्यामुळे कळलं, त्यांचं ऋण आज लिहून ठेवतो आहे.

जव्हारच्या कोर्टात सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना कधी आवडलं नाही. बाजारपेठेतल्या एका माडीवर त्यांचं ऑफिस होतं. एक टेबल, दोन बाकडी, भिंतीला लागून कायद्याची पुस्तकं आणि दप्तरात बांधलेल्या फायली. १९९९ साली नाशिकहून कायद्याची पदवी घेऊन मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. आमच्या पाड्यावरचा मी पहिला वकील होणार होतो, आणि या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

सनदेच्या अर्जासोबत चारित्र्याचा दाखला जोडायचा होता. मी तो नानांपुढे ठेवला. मला वाटलं, पेन काढतील आणि सही करतील. त्यांनी कागद घडी घालून खणात ठेवला आणि म्हणाले, "आठ दिवसांनी ये." मला राग आला. माझ्याजागी जव्हारच्या पेठेतल्या घरचा मुलगा असता तर त्यालाही यांनी असंच थांबवलं असतं का, असा विचारही मनात आला. आठ दिवसांनी त्यांनी सही केली. या आठ दिवसांत ते एसटीने माझ्या आश्रमशाळेत जाऊन गुरुजींना भेटून आले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. माझ्या मनात तेव्हा आलेल्या विचाराची लाज आजही वाटते.

दुसरी अडचण पैशांची होती. शुल्कातल्या सवलतीसाठी अर्जासोबत जमातीचा दाखला जोडायला मी कचरत होतो. वर्गात सवलतीवरून जे ऐकलं होतं, ते मनातून जात नव्हतं. नानांनी ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ चं पुस्तक काढलं, कलम २४ उघडलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. नोंदणीचं शुल्क राज्याच्या बार कौन्सिलला ६०० रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १०० आणि २५. "हे कायद्यात लिहिलंय, म्हणजे देशाने लिहिलंय," नाना म्हणाले. "यात खाली मान घालण्यासारखं काही नाही." मग त्यांनी बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. बॅरिस्टर होऊन आलेल्या डॉ. आंबेडकरांकडे १९२३ साली मुंबई हायकोर्टाची सनद घ्यायलाही पैसे नव्हते. त्यांचे मित्र नवल भथेना यांनी मदत केली, तेव्हा ती सनद मिळाली. "सनद कुणालाच एकट्याच्या बळावर मिळत नाही," असं म्हणून नानांनी काळ्या कोटासाठी पैसे माझ्या हातावर ठेवले. त्यांनी ते परत कधी मागितले नाहीत. मीही कोटाच्या घड्या मोडण्यात इतका रमलो की, ते देण्याचं माझ्या ध्यानात राहिलं नाही.

फोर्टमधल्या हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन इमारतीत बार कौन्सिलचं ऑफिस आहे. तिथून सनद घेऊन मी एसटीने परतलो, त्या संध्याकाळी नाना मला शिरपामाळावर घेऊन गेले. जव्हार गावाबाहेरचा तो उघडा माळ आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत करून मस्तकावर शिरपेच चढवला, आणि त्यावरून माळाला शिरपामाळ हे नाव पडलं, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिरपेच दुसऱ्याने चढवायचा असतो. स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला तर ते नुसतं मुंडासं." मला ते बोलणं छान वाटलं. त्याचा अर्थ मात्र मला कळला नव्हता.

नानांच्या हाताखाली काम करताना पहिली काही वर्षं मी एका मोठ्या गैरसमजात काढली. जव्हारचा वकील संघ आणि मुंबईचं बार कौन्सिल ही एकाच गोष्टीची धाकटी आणि मोठी रूपं आहेत, असं मी समजत होतो. वकील संघाची वर्गणी भरली की बाररूममध्ये खुर्ची मिळते, कोणी गेलं तर शोकसभा होते, न्यायाधीशांशी काही बिनसलं तर संघ बोलतो. बार कौन्सिलही असंच, पण राज्याचं. आपल्या माणसांचं, आपल्या बाजूचं.

नाना तेव्हा दर महिन्या-दोन महिन्यांनी मुंबईला जात. पहाटेची ठाण्याची एसटी, ठाण्याहून लोकल, सीएसटीवरून पायी फोर्ट. बार कौन्सिलच्या एका शिस्तपालन समितीवर ते होते. ते कौन्सिलवर निवडून आलेले नव्हते, त्यांनी कधी निवडणूक लढवली नाही. एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी मला सगळी रचना समजावून सांगितली.

आपल्या राज्यासारख्या मोठ्या पटाच्या बार कौन्सिलवर २५ सदस्य निवडून येतात, आणि राज्याचे ॲडव्होकेट जनरल पदसिद्ध सदस्य असतात. निवडून येणाऱ्यांपैकी साधारण निम्मे तरी किमान दहा वर्षं वकिली केलेले असले पाहिजेत. मुदत पाच वर्षांची. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष सदस्य आपल्यातूनच निवडतात. एक सदस्य दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियावर जातो. रोजचं काम समित्यांतून चालतं. कार्यकारी समिती पाच जणांची, नोंदणी समिती तिघांची. नोंदणी समितीला एखाद्याचा अर्ज नाकारावासा वाटला तर ती परस्पर नाकारू शकत नाही, कारणं लिहून प्रकरण दिल्लीला पाठवावं लागतं. शिस्तपालन समित्या एकापेक्षा जास्त असू शकतात. प्रत्येकीत तीन माणसं. दोन कौन्सिलमधली, आणि तिसरा कौन्सिलबाहेरचा, किमान दहा वर्षं वकिली केलेला. तिघांत जो वकिलीत सगळ्यात जुना, तो अध्यक्ष.

"तिसरा माणूस बाहेरचा कशाला?" मी विचारलं.

"आतल्या दोघांना पुन्हा मतं मागायला जायचं असतं," नाना म्हणाले. "तिसऱ्याला नसतं."

त्या समितीत काय चाललं आहे, कोणत्या वकिलाविरुद्ध तक्रार आहे, यातलं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बाररूममध्ये कुणी खोदून विचारलं तर ते चहाचा कप खाली ठेवून उठून जात. मला तो त्यांचा ताठा वाटे.

बार कौन्सिलच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देतानाही त्यांच्यामुळेच काही शिकलो. उमेदवार गाड्या घेऊन जव्हारला आले, हात मिळवले, कार्डं वाटली. आमच्या इथल्या मूठभर मतांचं काय होणार, असं मी म्हणालो. नानांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. इथे एका उमेदवारावर शिक्का मारायचा नसतो, पसंतीक्रमाने १, २, ३ असे आकडे घालायचे असतात. २५ जागा असतील तर वैध मतांना २६ ने भागून त्यात एक मिळवायचा. तेवढी मतं झाली की उमेदवार निवडून आला. त्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. सगळ्यात मागे पडलेला बाद होतो, आणि त्याचीही मतं पुढच्या पसंतीला मिळतात. म्हणजे मोखाड्याच्या वकिलाचं मत पहिल्या फेरीत पडलं तरी विसाव्या फेरीत ते कोणाच्या तरी कामी येतं. "म्हणून शेवटपर्यंत विचार करून आकडे घाल," एवढंच ते बोलले. कोणाला मत द्यायचं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांनी कोणाला दिलं हेही मला कधी कळलं नाही.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो.

२००३ साली एका आजीचा दावा मी चालवला होता. वाट्याचा दावा होता. डोंगरउतारावरची वरकस जमीन, जिथे नागली आणि वरई होते, तिच्या नवऱ्याच्या भावकीने आपल्या नावावर करून घेतली होती. जव्हारच्या कोर्टात ती हरली. अपील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात करायचं, मुदत ३० दिवसांची. तिने शेळी विकून ९०० रुपये आणले. नकला, टायपिंग, ठाण्याचा प्रवास यासाठी. मी वकीलपत्रावर तिचा अंगठा घेतला, पैसे खिशात घातले आणि म्हणालो, "काळजी करू नका."

त्याच दिवसांत माझ्याकडे एका बड्या जमीनमालकाचं काम आलं होतं. त्यात चांगली फी होती, मोटारीने फिरणं होतं. आजीची फाईल टेबलावरून बाकड्यावर गेली, बाकड्यावरून कोपऱ्यात. नकलेला लागलेले दिवस वजा धरूनही मुदत उलटून गेली तेव्हा मला आठवण झाली. त्याच वेळी तिला खरं सांगितलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण दिवाळीनंतर ती मुलासोबत भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली होती. पावसाच्या तोंडावर परत आली आणि माडीचा जिना चढून विचारायला आली तेव्हा मी म्हणालो, "अपील दाखल झालंय. तारीख पडली की कळवतो." पुढची जवळजवळ दोन वर्षं मी हेच सांगत राहिलो. दर वेळी ती पाड्यावरून निघे, एसटीचं तिकीट काढे, माझ्या खोटेपणापुढे हात जोडे आणि परत जाई.

तिचा मुलगा सातवीपर्यंत शिकलेला होता. त्याने ठाण्याला जाऊन चौकशी केली. अशा नावाचं अपील तिथे नव्हतंच. त्याने कुणाच्या तरी मदतीने बार कौन्सिलकडे तक्रार केली. तक्रारीची प्रत आणि उत्तर मागणारं पत्र माझ्या हाती आलं तेव्हा माझे हात कापत होते.

मी पहिलं काय केलं, तर नानांकडे गेलो. ते शिस्तपालन समितीवर होते. एक फोन करतील, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी तक्रार पूर्ण वाचली, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "हे प्रकरण माझ्या समितीकडे आलं तर मी बाजूला होईन. दुसऱ्या समितीकडे गेलं तर तिथल्या कोणाशी मी बोलणार नाही. तू आता माझ्याशी यावर फक्त एवढंच बोल : यातलं खरं किती?"

"सगळं," मी म्हणालो.

ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हाकलून देतील. त्यांनी हाकललं नाही, पण फोनही केला नाही. मी मनात त्यांना खूप बोललो. सहा वर्षं यांच्या फायली वाहिल्या, आणि वेळ आली तेव्हा साधा शब्द टाकत नाहीत.

मग मला दुसरा मार्ग सुचला. आजीला पैसे देऊन तक्रार मागे घ्यायला लावायची. ५,००० रुपये पाकिटात घालून मी निघालो. एसटी स्टँडवर नाना दिसले. त्यांना कसं कळलं, कोण जाणे. ते मला रिक्षात बसवून शिरपामाळावर घेऊन आले. दुपारचं ऊन होतं, माळावर कोणी नव्हतं. तिथे त्यांनी मला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगितले. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली, तडजोड केली, किंवा आता चालवायची नाही असं सांगितलं, तरी केवळ तेवढ्यावरून शिस्तभंगाची चौकशी बंद करता येत नाही. "हा तुझा आणि तिचा दावा नाही," ते म्हणाले. "तिला विकत घेतलंस तरी तू सुटणार नाहीस. उलट आणखी एक पाप वाढेल."

"मग हा दावा माझा आणि कोणाचा?"

त्यावर त्यांनी १९७५ सालच्या एका निकालाची गोष्ट सांगितली. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या आवारात काही वकील येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर धावून जात, एकमेकांशी ओढाताण करत, अशिलांना खेचून नेत. आपल्या महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांच्यावर कारवाई करून त्यांना दोषी ठरवलं. दिल्लीला अपिलात ते सुटले. तेव्हा राज्याचं बार कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे प्रश्न निघाला : अपील फक्त पीडित व्यक्तीला करता येतं. बार कौन्सिलचं यात काय गेलं? ना पैसा गेला, ना जमीन. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं की बार कौन्सिललाही पीडित म्हणून दाद मागता येते, कारण व्यवसायाची शिस्त आणि प्रतिष्ठा राखण्याचं काम कायद्याने तिच्यावर सोपवलेलं आहे.

"आपण कोर्टात जामीन घेतो तेव्हा काय करतो?" नानांनी विचारलं. "हा माणूस पळणार नाही, असं दुसरा कोणी लिहून देतो. तुझं नाव पटावर आहे, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक वकिलाने तुझ्यासाठी तसं लिहून दिलंय. तुला न ओळखता. ती आजी तुझ्याकडे आली ती तुझं तोंड बघून आली नाही. काळ्या कोटाचा जामीन बघून आली. आता जामीनदार विचारतायत, तू कुठे होतास?"

मी माळावर बसून रडलो. नाना शेजारी बसून राहिले. सावल्या लांब झाल्या तेव्हा म्हणाले, "उत्तर तू लिही. मी वाचणार नाही. पण त्याआधी तिचं अपील दाखल करायची सोय कर."

दुसऱ्या दिवशी मी ठाण्याच्या एका वकिलांकडे गेलो. विलंब माफीचा अर्ज तयार केला, आणि त्याला माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जोडलं : चूक माझी आहे, पक्षकाराची नाही, मी तिला खोटं सांगितलं. त्या वकिलांनी १९८१ सालचा रफीक विरुद्ध मुन्शीलाल हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडला. वकिलाच्या कसुरीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, असं त्यात म्हटलेलं आहे. सगळा खर्च मी केला. पाकिटातले ५,००० रुपये तिथे लागले.

बार कौन्सिलला मी दोन पानांचं उत्तर लिहिलं. त्यात एकही सबब नव्हती. कौन्सिलने प्रकरण प्रथमदर्शनी पाहून तीन जणांच्या समितीकडे सोपवलं. नाना त्या समितीवर नव्हते. अशा प्रकरणाची नोटीस राज्याच्या ॲडव्होकेट जनरलनाही जाते, हे मला तेव्हा कळलं. साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबानी घेणं, कागद मागवणं यांत समितीला दिवाणी कोर्टाचे अधिकार असतात. म्हणून चौकशीला जाताना मी कोट, गाऊन, बँड घालून जावं की नाही, हेही मला ठरवता येईना. नाना म्हणाले, "साधा सदरा घाल. आज तू वकील म्हणून जात नाहीस."

आजी आणि तिचा मुलगा आदल्या रात्री निघून आले होते. समितीसमोर तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेला टेकली. तिची बोली एका सदस्याला नीट कळेना, तेव्हा मुलाला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक प्रश्न सावकाश पुन्हा विचारला. घाई कोणी केली नाही. तिने फार आरोप केले नाहीत. एवढंच म्हणाली की, शेळी गाभण होती. हे मला माहीत नव्हतं. नकला, टायपिंग, प्रवास या शब्दांखाली मी जे ९०० रुपये खिशात घातले होते, ते काय होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

मला विचारलं तेव्हा मी सगळं कबूल केलं. अशिलाच्या पैशांचा हिशेब वेगळा लिहिला होता का, हाही प्रश्न आला. नियम तसा आहे. मी लिहिला नव्हता.

कलम ३५ खाली समिती चार गोष्टी करू शकते. तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही मुदतीसाठी सनद स्थगित करू शकते, किंवा नाव पटावरून कायमचं काढू शकते. मला ताकीद मिळाली, आणि तक्रारदाराला खर्च देण्याचा आदेश झाला. कबुली आणि विलंब माफीसाठी केलेली धडपड यांचा विचार केल्याचं आदेशात लिहिलं होतं. कायद्यात प्रकरण निकाली काढायला एक वर्षाची मुदत आहे, आणि निकाल त्या मुदतीत झाला. दिल्लीला अपील करायला मला ६० दिवस होते. मी केलं नाही.

त्या तिघांना मी पुन्हा कधी भेटलो नाही. राज्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले, आपली कामं सोडून आलेले ते तीन अनोळखी वकील माझ्यावर रागावले नाहीत आणि त्यांनी माझी पाठही थोपटली नाही. त्यांनी फक्त लक्ष दिलं, आधी आजीकडे आणि मग माझ्याकडे. त्यांनी मला वाचवलं असं मी म्हणत नाही. माझं नाव पटावर ठेवून त्यांनी माझ्यावर पुन्हा एकदा जोखीम घेतली. ते ऋण फेडायचं तर ज्यांच्यासाठी मी वकील आहे त्यांच्या कामातूनच ते फेडावं लागेल, एवढं मला समजलं.

ठाण्याच्या कोर्टाने विलंब माफ केला. अपील काही वर्षं चाललं आणि शेवटी तडजोडीत आजीला तिच्या वाट्यातला काही भाग मिळाला. सगळा मिळाला नाही. वेळेवर अपील केलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तो प्रश्न मी मनातून जाऊ देत नाही.

मग मी दोन वह्या घातल्या. एकीत तारखा आणि मुदती, दुसरीत अशिलाने दिलेला प्रत्येक रुपया. ज्याला वाचता येत नाही त्याला ती वही मी वाचून दाखवतो आणि घरातल्या शिकलेल्या मुलासमोर पुन्हा वाचतो. वकीलपत्रावर कल्याण निधीचं तिकीट लावतानाही माझा हात आता थांबतो. १९८१ च्या कायद्याखाली त्या लहानशा तिकिटातून कुठल्यातरी अनोळखी वकिलाच्या घराला आधार मिळतो. पूर्वी मी ते कारकुनाला लावायला सांगत असे.

२००८ पासून वनहक्काचे दावे सुरू झाले तेव्हा जव्हार-मोखाड्यातल्या पाड्यांवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचे पुरावे गोळा करायला मी हिंडू लागलो. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती शेतावर जाऊन पाहणी करते, म्हाताऱ्यांच्या जबान्या लिहून घेते. "हा इथेच नांगर धरत होता," असं शेजारी सांगतो तेव्हा मला फोर्टमधली ती खोली आठवते. शेजाऱ्याच्या शब्दावर माणसाचं नाव कागदावर चढतं. शेजाऱ्याने खरं बोललं पाहिजे आणि नाव चढलेल्याने त्या शब्दाला जागलं पाहिजे. पाड्यावर हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. मलाच ते शिकायला मुंबईपर्यंत जावं लागलं.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात मी त्यांना कोटाच्या पैशांची आठवण करून दिली. ते म्हणाले, "मला नको. पुढच्याला दे." त्यांच्यामागे त्यांच्या घरच्यांनी मला एक काम सांगितलं : बार कौन्सिलला कळवून पटावरून त्यांचं नाव कमी करायचं. मृत्यूचा दाखला आणि त्यांची सनद घेऊन मी तीच पहाटेची ठाण्याची एसटी पकडली. अर्ज लिहिताना "नाव कमी करावे" हे तीन शब्द माझ्याने लवकर लिहवेनात.

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नोंदणीसाठी कलम २४ मध्ये लिहिलं आहे त्यापेक्षा जास्त शुल्क बार कौन्सिलना घेता येणार नाही. ७५० म्हणजे ७५०, १२५ म्हणजे १२५. ती बातमी वाचली आणि नानांनी मला मोठ्याने वाचायला लावलेलं ते पान डोळ्यांसमोर आलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी सनदेचा अर्ज घेऊन माझ्या ऑफिसात आली. चारित्र्याच्या दाखल्यावर माझी सही हवी होती. मी कागद खणात ठेवला आणि म्हणालो, "आठ दिवसांनी ये." तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी ओळखलं.

त्या आठ दिवसांत मी तिच्या आश्रमशाळेत जाऊन आलो. ती परत आली तेव्हा तिला समोर बसवून माझी २००३ ची फाईल तिच्यापुढे ठेवली. ताकिदीचा आदेश तिने पूर्ण वाचला. मग विचारलं, "सर, हे मला का दाखवलंत?"

"तुझ्यासाठी कोण जामीन राहतंय, हे तुला माहीत असावं म्हणून," मी सांगितलं.

कोटाचे पैसे मी तिच्या हातावर ठेवले. दाखल्यावर सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली सनद क्रमांक लिहिला. तो क्रमांक अजून माझ्याजवळ आहे, तो नानांनी, त्या तीन अनोळखी वकिलांनी आणि गाभण शेळी विकून आलेल्या त्या आजीने माझ्याजवळ राहू दिला म्हणून.